रोमिंगचा हाडवैरी

वणीत मी अकरा वर्षं ज्या घरात भाड्याने राहिलो, त्या घराच्या मालकांना आयुष्यात एकच शत्रू होता. त्याचं नाव रोमिंग. लोकांचं वैर भावकीशी असतं, शेताच्या धुऱ्यावरून शेजाऱ्याशी असतं, कुणाचं साडूशी असतं. आमच्या या घरमालक काकांचं मोबाईलच्या टॉवरशी होतं. रस्त्याने जाताना टॉवर दिसला की ते थांबायचे, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळायचे आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे. एवढं चिवट वैर त्यांनी एखाद्या कामाच्या गोष्टीशी धरलं असतं तर गल्लीतली नाली तरी साफ झाली असती.

मी तिथल्या ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. काका कोळसा खाणीच्या ऑफिसातून टाइमकीपर म्हणून रिटायर झालेले. खाली ते आणि काकू, वरच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न करून जर्मनीला गेली होती. काका उंच, ताठ, सफारीच्या खिशाला दोन पेन लावणारे, आणि चालताना एक हात कायम खिशावर, कारण खिशात फोन. असल्या माणसाबद्दल लिहिताना 'तसा माणूस मनाने चांगला होता' असं एक वाक्य टाकायची पद्धत आहे. ते वाक्य मी टाकणार नाही. अकरा वर्षांत मला त्याचा पुरावा सापडला नाही.

या वैराचा उगम पाटणबोरीत होता. ती गोष्ट मी निदान चाळीस वेळा ऐकली असेल. फार पूर्वी, राज्याची हद्द ओलांडली की येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे, त्या काळात काका पाटणबोरीला कुणाच्या लग्नाला गेले होते. गाव आपलंच, जिल्हा आपलाच, पण नदीपलीकडे दुसरं राज्य. यांच्या फोनने मंडपात बसल्या बसल्या पलीकडचा टॉवर पकडला. तेवढ्यात वणीहून काकूंचा फोन आला, की माहेरी आईची तब्येत बिघडली आहे, जाऊ का. अकरा मिनिटं बोलणं झालं आणि यांचा बॅलन्स साफ झाला.

"मंडप महाराष्ट्राचा, पंगत महाराष्ट्राची," काका आवाज चढवून सांगायचे. "जेवून राह्यलो महाराष्ट्रात, अन् पैसे कापून राह्यले आंध्राचे! हा दरोडा नाई तर काय होय जी?"

त्या आजारपणात काकूंची आई गेली. काका गोष्ट सांगायचे तेव्हा त्यात सासू यायची ती फक्त अकरा मिनिटं कशामुळे लागली ते समजावण्यापुरती. काकू तिथेच बसून तूर निवडत असायच्या आणि मान वर करायच्या नाहीत. पहिल्या खेपेला मला वाटलं, त्यांना ऐकू कमी येतं. नंतर कळलं की ऐकू चांगलं येत होतं.

देशातलं रोमिंग कधीच संपलं. सगळ्या जगाला ते माहीत होतं, काकांनाही होतं, पण त्यांनी ते मान्य केलं नाही. बस पाटणबोरीच्या दिशेला वळली की ते आजही फोन बंद करतात आणि शेजारच्या सीटवरच्या अनोळखी माणसालाही बंद करायला सांगतात. त्याने ऐकलं नाही तर उरलेला रस्ता त्याच्याशी बोलत नाहीत. "आपन काही लल्लू नाई," हे त्यांचं पालुपद. दिवसातून पाच-सात वेळा तरी ते स्वतःच्या शहाणपणाला असं प्रमाणपत्र देत.

घरात फोन उचलायचा नाही, असा नियम होता. मिस्ड कॉलची एक पद्धत त्यांनी बसवून दिली होती. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे फाटक उघड. तीन म्हणजे कुकर लाव. महिन्याचं पॅक भरलेलं, कितीही बोला, एक पैसा जास्त लागत नाही, तरी ही पद्धत चालू. काकू स्वयंपाक करता करता हातातलं थांबवून रिंगा मोजायच्या. कधी हात पिठात असला आणि मोजणी चुकली तर त्या घाबरून फोन उचलायच्या, आणि मग संध्याकाळी खालून आवाज यायचा, "उचललं काहून? मी तुले उचलाले सांगतलं होतं का?" जेवण होईपर्यंत तेच. वर आम्ही जेवत असू आणि माझी बायको माझ्याकडे पाहत असे. मी वाटीतलं वरण ढवळत असे. घराचं भाडं कमी होतं, हे इथे मान्य करून टाकतो.

त्यांना नंबर बदलायचाही नाद होता. ज्या कंपनीची सवलत त्या कंपनीत उडी. माझ्या देखत सहा नंबर झाले. काकूंना नवऱ्याचा चालू नंबर कधी पाठ नसायचा. त्यांना एकच नंबर पाठ होता, तो माझा. गॅसवाला, दूधवाला, पिठाची गिरणी, सगळीकडे त्यांनी माझाच देऊन ठेवलेला. "तुमचा बदलत नाई ना सर," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. मी तेव्हा हसलो होतो.

आणखी एक खोड म्हणजे लॅमिनेशन. कागद हातात आला की काका बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्यावर प्लास्टिक चढवून आणत. रद्द झालेल्या बसगाड्यांचं वेळापत्रक लॅमिनेट केलेलं. काकूंचा रक्तगट लॅमिनेट केलेला. आमचा भाडेकरारही तसाच, त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी सही करायला जागाच सापडेना.

एवढ्यावर हे सगळं घरगुती राहिलं असतं. पण रिटायर झालेल्या मंडळींची थायलंडची सहल निघाली आणि काका परदेशात जाऊन आले. जाण्याआधी दोन महिने त्यांनी यूट्यूबवर अभ्यास केला. परदेशात आपलं सिम वापरलं तर बिल येतं, म्हणून प्रवासाचं ई-सिम घ्यायचं, फोनमध्ये आपलं सिम तसंच ठेवून त्याचं डेटा रोमिंग बंद करायचं, आणि इंटरनेट त्या नव्या ई-सिमवरून चालवायचं. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पुढे एक बारीक गोष्ट अशी, की त्या नव्या ई-सिमचं डेटा रोमिंग मात्र चालू ठेवावं लागतं, नाहीतर ते मुकाट पडून राहतं. हे मी त्यांना सांगितलं.

काका माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "सर, तुमी केमिस्ट्रीचे मास्तर. रोमिंग चालू करून रोमिंग वाचवाचं? हे कोन्या शायन्यानं सांगतलं तुमाले?"

त्यांनी दोन्हीचं रोमिंग बंद ठेवलं. पाच दिवस त्यांच्या फोनवर एक अक्षर उमटलं नाही. बाकीचे लोक नकाशे बघत होते, घरी फोटो पाठवत होते, आणि काका दर तासाला सेटिंग उघडून रोमिंग बंद असल्याची खात्री करत होते. तिसऱ्या दिवशी ते बाजारात गटापासून चुकले आणि तीन तास एका नारळवाल्यापाशी उभे राहिले. फोन खिशात, ई-सिमचे पैसे भरलेले, आणि हे उभे. परत आल्यावर त्यांनी कंपनीकडून महिन्याच्या हिशेबाचं पत्रक मागवलं आणि ते लॅमिनेट करून पुढच्या खोलीत टांगलं. रोमिंग आकार शून्य. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बोट ठेवून दाखवत. नारळवाल्याची गोष्ट मला त्यांच्या मित्राने सांगितली.

त्यानंतर वणीतून कुणीही परदेशी निघालं की काका त्याला ओट्यावर बसवून धडे देऊ लागले. कुणी विचारलं नाही तर घरी जाऊन देऊ लागले. एक डॉक्टर जोडपं तर यांना टाळायला मागच्या गल्लीने जायचं. मी वरून बघत असे आणि मनात हसत असे. हसण्यासारखंच होतं ते सगळं, जोवर त्यात दुसरं कुणी सापडत नव्हतं.

मुलीला दिवस गेले आणि बाळंतपणाला आईने यावं असं ठरलं. काकूंनी जन्मात विमान पाहिलेलं नव्हतं. नागपूरहून पहाटे निघायचं, आखातात एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचं, दुपारी फ्रँकफर्टला उतरायचं. तिथे जावई येणार. काका बरोबर जाणार नव्हते, कारण त्यांच्या मते बाळंतपणात पुरुषमाणसाचं काही काम नसतं. मी काकूंना म्हणालो, तुमच्याच सिमवर पंधरा दिवसांचं रोमिंग पॅक टाकून घ्या, उतरलात की फोन चालू. मुलीनेही तेच सांगितलं होतं. पैसे पण तीच भरत होती.

"राहू द्या सर," काकू म्हणाल्या. "त्यायनं एवढं मनावर घेतलं. कायले दुखवाचं?"

काकांनी काय मनावर घेतलं होतं ते ऐका. काकूंच्या जुन्या फोनवर ई-सिम चालत नव्हतं, म्हणून रोमिंगचे चार हजार वाचवायला त्यांनी बावीस हजारांचा नवा फोन घेतला. मग काकूंचं रोजचं सिम फोनमधून काढून देवघराच्या खणात, कापूर आणि वातींच्या शेजारी ठेवून दिलं. सिमच नाही म्हटल्यावर रोमिंग लागेल कशाला? नवं ई-सिम मागवलं, त्याचा क्यूआर कोड आला, तो इथेच वायफायवर फोनमध्ये टाकून ठेवायला हवा होता. काका म्हणाले, इथं टाकला तर दिवस इथंच जळतात. तो काकूंनी आखातात उतरल्यावर विमानतळाच्या वायफायवर स्कॅन करायचा होता. ज्या बाईला घरात फोन उचलायची मुभा नव्हती, तिने.

यासाठी चौदा कलमांचं एक कार्ड तयार झालं. अर्थात लॅमिनेट केलेलं, भोक पाडून दोरी ओवलेलं, काकूंच्या गळ्यात अडकवायला. पुढच्या बाजूला क्यूआर, मागे कलमं. त्यातलं सातवं मला तोंडपाठ आहे: 'इनकमिंग कोणाचाही असो, परदेशात उचलू नये.' काकू रोज दुपारी ओसरीवर बसून ते कार्ड पाठ करत होत्या.

निघण्याआधीच्या चतुर्थीला दोघं कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेले. नवी वस्तू देवाच्या पायाशी लावून आणायची, ही त्यांच्या घरची रीत. मोटरसायकल लावून आणली होती, तुरीचं पहिलं पोतं लावून आणलं होतं. या खेपेला पायऱ्या उतरून काकांनी ई-सिमचा क्यूआर नेला. कार्डावर कुंकू लागलं, दूर्वा ठेवल्या गेल्या, पुजाऱ्याने हार वाहिला. काकांनी त्याचा फोटो काढून सगळ्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'चिंतामणीच्या कृपेने.' सत्तर-ऐंशी लोकांनी हात जोडले.

तो कोड एकदाच वापरता येतो, एकाच फोनवर. ज्याने आधी स्कॅन केला त्याचा.

काकू निघाल्या तो दिवस मला घड्याळासकट आठवतो. मी सुट्टी घेतली होती. सकाळी सात-साडेसातला त्या आखातात उतरायला हव्या होत्या, आणि कार्डाच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे तिथून 'पोचली' असा निरोप यायचा होता. नऊ वाजले, दहा वाजले. काका ओट्यावर बसून होते. "कार्ड नीट वाचलं नसन तिनं," ते म्हणाले. अकरा वाजता मुलीचा फोन माझ्या नंबरवर आला. तिला नववा महिना चालू होता आणि बोलताना दम लागत होता. ती म्हणाली की आखातातून फ्रँकफर्टला निघणारं विमान रद्द झालं आहे, आई कुठे आहे ते कळत नाही, तिच्या फोनवर काहीच पोचत नाही. विमान कंपनी फोनवर काही सांगायला तयार नव्हती.

मी खाली जाऊन काकांना हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तिले म्हना, दुसरं कलम पाह्य. मंग चौथं."

"काका, कुणाला म्हणू? फोनच लागत नाही त्यांना."

"मंग नव्या सिमचं काम काय होतं?" असं ते म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागले. काकूंचं रोजचं सिम आतल्या खोलीत वातींजवळ होतं. तिकडे विमानतळावर काय घडत होतं ते मला नंतर काकूंच्या तोंडून कळलं. क्यूआर स्कॅन केला तर फोन म्हणत होता, हे आधीच वापरलेलं आहे. पण ते दिसायलाही वायफाय हवं, आणि विमानतळाचं वायफाय फोन नंबर मागत होतं. काकूंनी आपला नंबर टाकला. त्यावर ओटीपी येणार होता, तो वणीत खणात पडलेल्या सिमवर. शेवटी कुणीतरी काउंटरवर पासपोर्ट दाखवून त्यांना वायफाय लावून दिलं, तेव्हा ती 'वापरलेलं आहे' अशी ओळ उमटली. पाच मिनिटांत वायफायही तुटलं. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, हिंदी वणीपुरतं येत होतं. सकाळी साडेसातपासून त्या एका खुर्चीवर गळ्यात कार्ड घालून बसल्या होत्या.

तरी दुपारी जावई फ्रँकफर्टला गेला, उगाच आशेने. इकडे साडेचारला मुलगी परत रडत फोनवर. आई दुसऱ्या कुठल्या विमानात असेल तर ते कुठे उतरणार ते कळायला हवं, तो एकटाच गाडी चालवणारा, एका गावाहून दुसरं गाव चार तासांवर. तिच्या पोटात कळा आल्यासारखं होत होतं. माझी बायको तिच्याशी बोलत राहिली. काकाही आता वर येऊन आमच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी खिशातून आपल्या प्रतीचं कार्ड काढलं होतं आणि ते एकेक कलम वाचून कुठे चूक झाली असेल ते शोधत होते.

साडेपाचला माझा फोन वाजला. लांबलचक परदेशी नंबर.

"हॅलो, सर? मी बोलून राह्यली. खालची काकू."

मी उभाच राहिलो. एका केरळच्या नर्सने आपला फोन दिला होता. काकूंना त्यावर लावता येण्यासारखा एकच नंबर आठवत होता. "मी बरी हाओ सर. रडाचं काही काम नाई. त्या नर्सबाईनं मले चहा पाजला. आयका, हे लोकं आता मले दुसऱ्याच गावच्या विमानात बसवून राह्यले. जावयाले सांगा, का त्या गावाले..."

काकांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. मला वाटलं, बायकोचा आवाज ऐकायचा असेल. नऊ-दहा तास झाले होते. कुणालाही वाटलं असतं.

"कोनाच्या फोनवरून बोलून राह्यली तू?" ते ओरडले. "कोनाचा नंबर हाय हा? रोमिंगवर हाय का तो? ठेव! पह्यले ठेव! मिनिटाचे पैसे लागतेत!"

आणि पलीकडून ठेवायची वाटही न बघता त्यांनी लाल बटण दाबलं.

फोन माझा होता, येणाऱ्या कॉलला मला पैसा लागत नव्हता, लागत असेल तर तो त्या नर्सला, आणि तिने आपणहून दिला होता. हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की हा माणूस फोन माझ्यापुढे धरून उभा आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर मोठी चोरी पकडल्याचं समाधान आहे. मला त्यांची किळस आली. इतकी वर्षं आपण यांना गमतीदार समजत होतो, याची त्याहून जास्त आली.

माझी बायको हळू बोलणारी बाई. तिने त्यांच्या हातातून फोन काढून माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "काका, तुम्ही खाली जा." ते गेले. खरोखर गेले, कारण त्यांना तसं ठामपणे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मी त्याच नंबरवर उलट फोन लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा नर्सने उचलला आणि हिंदीत म्हणाली, आंटी इधर ही है, बात करो. काकूंचा आवाज आता वेगळा होता, सपाट. त्यांनी विमानाचा नंबर आणि गाव सांगितलं. म्युनिक. अक्षरं नर्सने एकेक करून सांगितली, मी लिहून घेतली. सगळं झाल्यावर काकूंनी विचारलं, "मघा फोन त्यायनं ठेवला का सर?"

"नाही काकू," मी म्हणालो. "कटला. नेटवर्क नव्हतं."

मागे विमानतळावरची घोषणा ऐकू येत होती. "कटला असन," त्या म्हणाल्या. मी खोटं बोललो होतो आणि त्यांना ते माहीत होतं, आणि त्यांनी ते मला चालवून दिलं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बाल्कनीत उभा होतो. खाली काका ओट्यावर कार्ड वाचत होते.

जावई वेळेत म्युनिकला पोचला. तीन दिवसांनी मुलगी झाली. त्याच सुमारास मारेगावहून काकांच्या पुतण्याचा फोन आला. त्याचं तिथे खताचं दुकान. चांगला सरळ मुलगा. तो म्हणाला, "काका, माह्या फोनवर लय दिवसाचं जर्मनीचं सिम दाखवून राह्यलं." ग्रुपवरचा चिंतामणीसमोरचा कोड त्याला देणगीचा वाटला होता. हार, कुंकू, दूर्वा, मधोमध क्यूआर. हल्ली देवळात तसाच असतो. त्याने एकशे एक रुपये वाहावे म्हणून फोटोवर बोट दाबून धरलं, फोनने काहीतरी विचारलं, याने 'हो' म्हटलं, परत विचारलं, परत 'हो' म्हटलं. पैसे काही गेले नाहीत, तेव्हा त्याला वाटलं देवळाचं नेट बंद असेल. काकांनी हे ऐकून कपाळाला हात लावला असेल, असं कुणालाही वाटेल. काका खूष झाले.

"म्हंजे वाया नाई गेलं," मला सांगायला ते दोन-दोन पायऱ्या चढून वर आले. "घरातल्या घरातच हाय. एक एमबी खर्च नाई झाला!" आणि त्यांनी पुतण्याला ते पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायला सांगितलं.

काकू तीन महिन्यांनी परतल्या. बारीक झाल्या होत्या, पण रंग उजळला होता. त्या फोनबद्दल त्या घरात चकार शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी देवघराचा खण उघडून त्यांनी आपलं सिम काढलं, पदराने पुसलं आणि वर येऊन मला म्हणाल्या, "हे कसं घालतेत ते दाखवा सर. एकदाच दाखवा." मी दाखवलं. त्यांनी ते काढून परत स्वतः घातलं.

वर्षभराने नातीचा वाढदिवस आला. काकूंचं तिकीट मुलीने काढलं. या खेपेला काकू एकट्याच मोबाईलच्या दुकानात गेल्या, काउंटरसमोर उभं राहून आपल्या सिमवर रोमिंगचं पॅक घेतलं आणि घरी येऊन भाजी निवडायला बसल्या. काकांना कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस अन्न गोड लागत नसल्याचं जाहीर केलं. घरात गद्दारी झाली असं ते मला म्हणाले. काकूंनी दोन्ही दिवस वेळेवर ताट वाढलं आणि तिसऱ्या दिवशी विमानात बसल्या. मात्र जाताना चौदा कलमांचं कार्ड त्यांनी मागून घेतलं. काकांना त्याचंच मोठं समाधान वाटलं.

काकू जाऊन आठवडा झाला असेल. एका संध्याकाळी काका वर आले. आमच्याकडे ते सहसा तक्रार घेऊनच येत, पण त्या दिवशी दारातच उभे राहिले. हातात फोन होता आणि हात खिशावर नव्हता.

"सर, फोन उचलत नाई हो ती," ते म्हणाले. "सहा दिवस झाले. रोज लावतो. वाजते, वाजते, अन् कापते. पोरीले लावलं तर पोरगी म्हन्ते, आई फिराले गेली. रोजच फिराले जाते का?"

माझी बायको आत स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी होती. त्याच सकाळी ती काकूंशी पाऊण तास बोलली होती. काकूंनी तिला नातीची पावलं दाखवली होती, खिडकीतला बर्फ दाखवला होता, आणि खळखळून हसल्या होत्या. तसं त्यांना हसताना आम्ही वणीत ऐकलं नव्हतं. बायकोने मागे वळून पाहिलं नाही. नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली.

काका माझ्याकडे पाहत होते. चेहऱ्यावर काळजी होती, ती खरी होती, आणि मला त्यांची दया यायला हवी होती. मी वाट पाहिली. ती आली नाही. मला तो लाल बटण दाबणारा अंगठा दिसत राहिला.

"काका," मी म्हणालो, "सातवं कलम पाळत असतील."

ते क्षणभर विचारात पडले. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण हळूहळू उतरला. त्यांनी मान डोलावली, फोन खिशात टाकला आणि त्यावर हात ठेवला.

"होय ना बापा," ते म्हणाले. "माह्या ध्यानातच नाई आलं. मीच तर शिकवलं तिले."

आणि ते समाधानाने जिना उतरून खाली गेले.